आतषबाजी आणि झोपलेली लेक

एक मे, संध्याकाळी आठ. गडहिंग्लजच्या मैदानावर महाराष्ट्र दिनाची आतषबाजी सुरू झाली आणि आसपासच्या तान्ह्या मुलांनी भोकाड पसरलं. तेजस्विनीच्या मांडीवरची चार महिन्यांची लेक मात्र गाढ झोपलेली होती.

"आत्यावर गेलीय, गुणाची," नणंद कौतुकानं म्हणाली. "बारशाला मी कानात एवढ्या मोठ्यानं कुर्र केलं, तरी हलली नाही."

सासूबाई हसल्या. पुढचा बाण अगदी डोक्यावर फुटला. तेजस्विनी आकाशाकडे नाही, लेकीच्या पापण्यांकडे पाहत होती.

"वन्सं, ही आवाजानं दचकलेली तुम्ही कधी पाहिलीय?"

नणंदेनं वाकून बाळाच्या कानाशी टाळी वाजवली, मग आणखी जोरात. बाळानं झोपेतच ओठ चोखले.

शेजारी बसलेल्या तेजस्विनीच्या नवऱ्यानं कानाच्या डॉक्टरांना फोन लावला. रिंग वाजत होती. सुट्टीमुळे कोणी उचलत नव्हतं.