रेषेपुढची पावलं

सुमंतचे बूट रेषेवरून हलायला तयार नव्हते.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या सायकल ट्रॅकवर त्याची मुलगी अनिका चाळीस मिनिटं एकटीच फिरत होती. तासाभरात ती किती अंतर कापते, यावर राज्याचा विक्रम ठरणार होता; आणि विक्रम झाला तरच टीम पुढच्या वर्षाचा करार करणार होती. इंजिनिअरची नोकरी सोडून व्यावसायिक सायकलपटू झाल्याचं तिचं हे जेमतेम दुसरं वर्ष. कोच ऐनवेळी तापाने आडवा झाला आणि त्याचं काम सुमंतच्या गळ्यात पडलं. ठरलेल्या वेळेच्या ती जितके सेकंद पुढे असेल, तितकी पावलं रेषेच्या पुढे जाऊन उभं राहायचं. मागे पडली, तर मागे. ओरडायचं नाही. डोकं खाली घालून जाणाऱ्या अनिकाला दर फेरीला बाबांचे फक्त बूट दिसत होते.

शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोने, उत्तराने, हातातल्या कागदावर नजर टाकली. "अहो, ती तीन पावलं पुढे आहे. तुम्ही रेषेवर काय करताय?"

"आत्ताच कळलं तर सैल पडेल."

"लहानपणी स्पेलिंग बीच्या स्पर्धेत दुसरी आली तेव्हाही, कौतुक केलं तर सैल पडेल, हेच म्हणालात. वेस्ट विंडसरला घरी पोचेपर्यंत पोर गाडीत झोपेचं सोंग घेऊन रडत होती."

हे सुमंतला ठाऊकच नव्हतं. ऑफिसात तो तिच्या शर्यतींचे व्हिडिओ लोक कंटाळेपर्यंत दाखवायचा. तिच्यासमोर मात्र तोंडाला कुलूप. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. अनिका वळणावरून सुसाट आली, तर बूट नेहमीच्या जागी नव्हते. तिचं डोकं क्षणभर वर झालं. पुढची फेरी आतापर्यंतची सगळ्यात वेगवान निघाली.

विक्रम झाला, तोही चांगला अर्ध्या फेरीने.

ट्रॅकच्या मधल्या गवतावर ती उताणी पडली होती. धाप ओसरल्यावर हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही लाईनवर होतात ना, तेव्हाही आय न्यू. तुम्ही झिरो दाखवलं की मी दोन स्टेप्स ॲड करते. लहानपणापासून. पण आज पुढे आलात ना... इट फेल्ट सो गुड."

सुमंत तिच्या शेजारी गवतावर बसला. "दोन कसल्या? पाच होत्या, पाच."

उत्तराच्या कागदावर तीनच होत्या. तिने त्याची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.