दारापेक्षा मोठं टेबल

गिरजाबाईंना घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दवाखान्यातला पलंग मावेल अशी एकच खोली होती, आणि तिथे त्यांच्या नवऱ्यानं, भीमराजांनी, एका टेबलावर हौसेनं उभारलेली खेळण्यातली छोटी रेल्वे होती. शिफ्ट सांभाळून वर्षानुवर्षं खोलीतच वाढवत नेलेलं ते टेबल आता दारातून बाहेर निघेना. ॲम्ब्युलन्स निगडीच्या चौकात आल्याचा लेकीचा फोन आला, तशी त्यांनी करवत उचलली. घाट, बोगदा, स्टेशन, सगळं कापून भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकलं. ‘हा पसारा काढा एकदाचा,’ असं गिरजाबाई कायम म्हणायच्या. निदान एवढं तरी तिच्या मनासारखं होऊ दे.

स्ट्रेचर आत आलं. गिरजाबाईंनी मान वळवून खोलीभर पाहिलं.

“अहो, गाडी कुठंय?”

“काढली. तुला नको होती ना?”

“माझं बोलणं कधीपासून मनावर घ्यायला लागलात?” त्या कशाबशा हसल्या. “मी म्हटलं, आता पडूनच राहायचंय, तर तुमची गाडी बघत पडेन.”

भंगारवाल्याची हाक अजून गल्लीच्या टोकाला ऐकू येत होती. भीमराज अनवाणीच जिन्याकडे धावले.