तांबड्या पुस्तकातलं नाव

“दावा सोडून द्या, बाई,” टिबेट्स चौथ्यांदा म्हणाला.

मारेन थ्युगेसन खुर्चीतून हलली नाही. बिटर क्रीकची बँक बुडाली त्याला वर्ष झालं होतं. कोर्टाने बँकेवर नेमलेला हा रिसीव्हर तेव्हापासून तिला हेच ऐकवत होता.

“येप्पेने अकराशे डॉलर इथेच आणून दिले. खेचरं विकून. मी माझ्या हाताने रुमालात बांधून दिले होते.”

“ठेवीदारांच्या वहीत तुमच्या नवऱ्याचं नाव नाही. कागद आहे काही?”

कागद येप्पेपाशी होता. गरुडाचं चित्र, कडेने वेलबुट्टी. त्याने तो रविवारच्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकला होता, आणि मारेनने त्याला त्याच कोटात पुरलं. रडणाऱ्या बाईला अस्तर चाचपायचं कुठून सुचणार? पुढे पाद्र्याने थडगं उकरू दिलं नाही.

“मग ते बघा.” तिने टेबलावरच्या तांबड्या पुठ्ठ्याच्या जाड पुस्तकाकडे बोट दाखवलं.

टिबेट्सने पुस्तक उचललं, तिजोरीत ठेवलं आणि किल्ली फिरवली. “त्यात तुमच्या कामाचं काही नाही.”

त्याचे कान लाल झाले. चेहरा सांभाळता येतो, कान कुठे लपवणार? मारेनची खात्रीच पटली. माणूस खोटं बोलत होता.

अकराशे मिळाले तर वसंतात बियाणं आणि खेचरं. नाही मिळाले तर जमीन विकून आयोवाला बहिणीच्या दारात उभं राहायचं. येप्पेने त्या जमिनीत अकरा वर्षं कंबर मोडून घेतली होती. मारेनला ती विकायची नव्हती, बस.

त्याच आठवड्यात शेजारची डोर्थे एका माणसाला घेऊन आली.

“मारेन, हे गॅरिटी वकील. आम्हा एक्केचाळीस ठेवीदारांचा खटला हेच लढतायत. माझे सहाशे त्या टिबेट्सनेच दाबलेत बघ. मेला कुठला!”

गॅरिटी गोड बोलायचा. त्याने सफरचंदाच्या केकचं कौतुक केलं, तिच्या स्वच्छ पडद्यांचंही केलं.

“पैसा कुठून येणार, तर बँकेच्या भागीदारांकडून,” तो म्हणाला. “कायदाच आहे तसा. बँक बुडाली की भागीदाराने जेवढ्याला भाग घेतला तेवढे पैसे पुन्हा भरायचे, ठेवीदारांसाठी. पण बडे सगळे कॅलिफोर्नियाला पळाले.”

“उरलेल्यांना धरा की!” डोर्थे म्हणाली.

“पलंगसुद्धा सोडू नका त्यांचा,” मारेन म्हणाली. “चुलीवरची किटलीसुद्धा उचला.”

गॅरिटी हसला. “तुमच्या यजमानांना बँकेत ओळखत होते?”

“ओळखत? दर जानेवारीत आतल्या खोलीत जेवायला बोलवायचे. डब्यातले ऑयस्टर, समुद्रातले शिंपले! घरी आला की आठवडाभर माझ्या बटाट्यांना नावं ठेवायचा.”

गॅरिटीचा घास हातातच राहिला. “दर जानेवारीत?”

“दोन वर्षं. मग गेलाच.”

“मारेनबाई, त्यांचं नाव तांबड्या पुस्तकात असणारच. ते उघडायचा अर्ज तुमच्या नावाने करू. मला फी नको.”

मारेनच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिचं खरं मानलं होतं.

अर्जाला लागते म्हणून त्याने माहिती विचारली. तिने ताठ मानेने सांगितली. एकशे साठ एकर, रेल्वेकडून विकत घेतलेली, कर्ज दमडीचं नाही. उत्तरेला ओढा, पूर्वेला पॉपलरच्या झाडांची रांग, दक्षिणेला डोर्थेचं कुंपण, पश्चिमेला रूळ. गॅरिटीने सगळं नीट लिहून घेतलं. केकचा दुसरा तुकडाही घेतला.

तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी, टिबेट्स चर्चबाहेर तिची वाट बघत उभा होता. वाऱ्यात टोपी हातात धरून. त्याची तब्येत बरी दिसत नव्हती.

“उद्या येऊ नका,” तो हळूच म्हणाला. “अर्जदार आला नाही तर न्यायाधीश अर्ज काढून टाकतो. मी माहिती काढली आहे.”

“तुम्ही माझ्या नवऱ्याचं नाव पुसलंत.”

“पुसलं नाही. ते पान कुणाला दाखवलं नाही, एवढंच.”

“म्हणजे आहे नाव!”

कुणी ऐकत नाही ना, म्हणून त्याने चर्चच्या दाराकडे वळून पाहिलं.

“घाबरलात, टिबेट्ससाहेब.”

“हो,” तो म्हणाला. “फार घाबरलोय. बाई, तुमच्या पाया पडतो, वकिलाला काही सांगू नका आणि घरी बसा.”

मारेन त्याच्या बुटांशेजारी थुंकली. आयुष्यात पहिल्यांदा, तेही चर्चच्या दारात.

सोमवारी कोर्ट भरलं होतं. एक्केचाळीस ठेवीदार, त्यांची बायकापोरं. डोर्थे मारेनच्या खांद्यावर हात टाकून बसली होती. न्यायाधीशाने हुकूम दिला आणि टिबेट्सने तांबडं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. लोक हसले.

न्यायाधीशाने चष्मा लावला, पानं उलटली. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“येप्पे थ्युगेसन. अकराशे डॉलर, पूर्ण भरणा.”

“देवा!” मारेन ओरडली. डोर्थेने तिला मिठीच मारली. मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. टिबेट्सने तोंड ओंजळीत लपवलं होतं.

न्यायाधीशाने टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. मग पुस्तक मिटून त्याने पुठ्ठ्यावरचं नावही वाचलं, कारण कोर्टाच्या नोंदीत ते यावं लागतं.

“भागीदारांचं पुस्तक.”

डोर्थेचा हात मारेनच्या खांद्यावरून हळूहळू निघाला.

गॅरिटी उठला आणि त्याने एक्केचाळीस ठेवीदारांच्या वतीने जप्तीचा दुसरा अर्ज टेबलावर ठेवला. तो त्याने घरूनच लिहून आणला होता, आणि त्यात ओढ्यापासून रुळांपर्यंत चारही हद्दी अगदी बरोबर होत्या.