निळ्या ताटल्या

डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या आमच्या घरात माझ्या डबल बासची, म्हणजे माणसाहून उंच त्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, खर्जाची तार झणझणायची. तार बदलली, घोडी घासली, तारांखालच्या पट्टीवर स्वतः रंधा मारला, तरी झणझण वर्षागणिक वाढतच गेली.

"एस्बेन, विकून टाक ते कपाट," सासूबाई दर नाताळला म्हणायच्या आणि भिंतीवर टांगायला त्या वर्षीची निळी ताटली द्यायच्या.

यंदा माझं जेवण आटोपल्यावर मी वाजवत होतो. एक ताटली वाकडी दिसली म्हणून बायकोनं तिला हात लावला. झणझण जरा कमी झाली. एकेक करून सगळ्या उतरवल्या, तर थांबलीच.

"अगं आई, तुझ्या ताटल्या वाजतायत."

सासूबाईंनी पावावर हेरिंग माशाचा तुकडा नीट ठेवला.



"पहिलीच वाजली तेव्हाच कळलं होतं मला. उगाच का दर वर्षी एक आणते?"