डब्याचं दूध

डबा पुन्हा तळाला गेला होता.

सुनेनं चमचा आत घालून खरवडून पाहिलं. परवा परवा तर फोडला होता. बाळाला दूध लागतं हे खरं, पण एवढं? उंदीर तर खात नव्हते ना?

"आई, पावडर संपत आली की."

"संपायचीच," बाटल्या उकळता उकळता सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी दोन्ही द्या म्हटलंय ना? देते बापडी. माझं विचारशील तर त्या डब्याला मी घराची पायरी चढू दिली नसती. पत्र्यातून निघालेलं ते दूध कसलं!"

हे रोजचंच होतं. सून कामावरून आली, की तिच्या चपला निघायच्या आत डब्याचा उद्धार सुरू. आणि एवढा राग असलेलं माणूस तेच दूध नातीला मुकाट्यानं पाजतं? सुनेच्या मनात पाल चुकचुकली ती इथेच.

नात जन्मली तीच किरकोळ. सासूबाईंनी तिचं नाव मुंगी ठेवलं. मागच्या वजनाला काटा जागचा हलला नव्हता. नुसत्या अंगावरच्या दुधावर भागणार नाही, जोडीला डब्याचंही द्या, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हा स्पष्ट सांगितलं. पुढच्या वेळीही वजन वाढलेलं नसेल, तर मुंगीला दवाखान्यात ठेवावं लागणार होतं. ती पुढची वेळ परवावर आली होती.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. कामातून उठून मागच्या खोलीत, काचांच्या खोक्यांमध्ये जाऊन बसायची. दाराला कडी नव्हती म्हणून आतून खुर्ची लावायची आणि पंपानं दूध काढायची. बाहेर गिऱ्हाईक खोळंबायचं, मालक मुद्दाम खाकरायचे. ते दूध लाल झाकणाच्या बाटल्यांत, बर्फाच्या पिशवीतून घरी यायचं, फ्रिजमध्ये राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई ते मुंगीला द्यायच्या. डब्याच्या दुधाची बाटली निळ्या झाकणाची. सकाळी आणि रात्री मात्र मुंगी थेट आईच्या कुशीत.

"यातला एक थेंब जरी वाया गेला असं कळलं ना," ती एकदा वैतागून नवऱ्याला म्हणाली होती, "तर त्याच दिवशी हा पंप खिडकीतून फेकून देईन." सासूबाई तेव्हा शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

एकदा संशय आला की घरातलं सगळंच संशयास्पद दिसायला लागतं. बेसिनच्या जाळीला पांढरट, चिकट थर असायचा. साबणासारखा वास यायचा, आणि साबणाची वडी बघावी तर कोरडी ठणठणीत. सुट्टीच्या दिवशी ती बाटल्या धुवायला गेली, तर सासूबाईंनी बाटली हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. वर मुंगीची झबली कडकडीत पाण्यात उकळून आखडवून ठेवलेली. एकाचीही बटणं नीट लागत नव्हती.

"आई डब्याचं दूध ओतून देतात," डबा तळाला गेला त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली.

"कशाला ओतेल?"

"रागापोटी. डबाही रिकामा आणि पोरगीही उपाशी. पाणी कुठेतरी मुरतंय, मी सांगते."

"मग सरळ विचार ना तिला."

"विचारलं की कबूल करणारेत? आधी डोळ्यांनी बघते."

तिनं नवऱ्याला न सांगता पाळणाघरात बोलूनही ठेवलं होतं. सासूबाईंची बॅग भरायची आणि त्यांना नणंदेकडे पोचवायचं. स्वतःच्याच विचाराची तिला लाज वाटली. पण मुंगीचे काडीसारखे हात आठवले की लाज पळून जायची.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ती दुकानातून दुपारीच निघाली. आपल्या किल्लीनं दार उघडलं. चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघराशी आली.

सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. एका खांद्यावर मुंगी, दुसऱ्या हातात बाटली. बाटली बेसिनवर उपडी धरलेली, दूध गटगट खाली चाललेलं.

सापडल्या! सुनेच्या कानशिलात रक्त चढलं. काय बोलायचं ते तिनं वाटेतच ठरवलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर ओट्यावर गेली.

तिथे निळ्या झाकणाची बाटली होती, शेवटच्या थेंबापर्यंत चोखून रिकामी केलेली. तिच्या शेजारी एक सुटं झाकण पडलं होतं. लाल.

"तोंड कशाला वाकडं करतेस?" सासूबाई मुंगीची पाठ थोपटत म्हणत होत्या. "नाही देत हो ते. फ्रिजमध्ये राहिलं की साबणासारखा वास मारतं, मलाही येतो. तू थू थू करतेस, मग मी तरी काय करू? बसते बेसिनला पाजत."

मुंगीनं ढेकर दिली.

"पण आईला सांगायचं नाही बरं का. कळलं तर पंप फेकून देईल ती. मग तिचं दूध आटेल, आणि रात्री कुणाला बिलगशील? उद्या काट्यावर चांगली जड बस, म्हणजे झालं." त्यांनी बाटली विसळली आणि बेसिनवर पाणी सोडलं. "संध्याकाळी येईलच ती. आली की मी डब्याला शिव्या घालीन. तेव्हा मात्र हसायचं नाही हं, कालच्यासारखं."