घर बघायला आलेलं जोडपं

घरमालकीणबाईंनी सुरी ताटलीत ठेवली, सोफ्यावरून पुढे सरकल्या आणि बोम-सोकसमोर आ वासला.

“डावीकडची. मागची,” त्या म्हणाल्या. आ वासून जितकं म्हणता येतं तितकंच.

बोम-सोकने मोबाइलचा दिवा लावून आत डोकावलं. खरं तर तो कॉफीची यंत्रं दुरुस्त करायचा. पण मघाशी लिफ्टमध्ये सोबत आलेल्या दा-ओनने त्याला दंतवैद्य करून टाकलं होतं. “असल्या इमारतीत दंतवैद्य म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही,” ती म्हणाली होती.

पुढचं विचारत नसतील. तोंड उघडतात.

“गाळ साचलाय,” तो गंभीरपणे म्हणाला. यंत्रात बहुधा तेच झालेलं असतं. “साफ करून वर कॅप बसवली की बघायला नको.”

“ऐकलंत?” बाई एजंट ओक-रान काकूंकडे वळल्या. “आमचा डॉक्टर मेला उपटायला निघाला होता!”

सोलमध्ये हल्ली हा छंदच झाला होता. घर घ्यायची ऐपत नाही, म्हणून निदान बघायचं. बोम-सोकच्या गटात दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावत, आणि मग ती जोडी लग्न ठरल्याचं सोंग घेऊन कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कपाटं उघडून बघत फिरे. पकडलं गेलं तर दोघांचीही गटातून हकालपट्टी. गटप्रमुखाला फुकट कॉफी पाजून पाजून बोम-सोकने लागोपाठ पाच शनिवार दा-ओनचीच चिठ्ठी काढून घेतली होती. आज तिला सांगायचंच असं ठरवून तो आला होता, की मला सोंग पुरे झालंय. पण त्याआधी पकडले गेलो, तर तिला भेटायला निमित्तच उरणार नव्हतं.

आणि आजचं घर तिने स्वतः निवडलं होतं. म्हणजे बिंग फुटलं तर तिच्यावरच शेकणार.

“गरम पाणी यायला वेळ लागतो का हो?” त्याने विषय बदलला.

“डावा नळ आधी उलटा फिरवायचा,” दा-ओन आतून ओरडली. पोरगी अभ्यास करून आली होती. कोठीच्या खोलीत तिने अंधारातच बटण दाबलं होतं. दारात काकूंनी पाहुण्यांच्या कोऱ्या सपाता मांडल्या, तर हिने खालच्या फळीवरच्या जुन्या, करड्या, लोकरीच्या चढवल्या. कुत्रं बोम-सोकवर जीव तोडून भुंकलं आणि मग तिच्या पायावर डोकं टाकून झोपून गेलं. काही माणसांच्या अंगात असतंच ते.

“या भिंतीवर काय होतं?” त्याने विचारलं. भिंतीला चिकटवलेल्या कागदावर एक फिकट चौकोन होता आणि वर एकटाच खिळा.

“फोटो,” काकू म्हणाल्या. “हल्ली काढून ठेवायला सांगते मी. दुसऱ्याचं कुटुंब भिंतीवर असलं की बघणाऱ्याला आपला संसार दिसत नाही.”

“हुशार आहात.”

“व्हावं लागतं, बाबा. माझे वडीलही याच धंद्यात. दुकानाबाहेर पट मांडून सोंगट्या खेळत बसायचे. लोक घर विचारत यायचे आणि ते डाव न सोडता किल्ली द्यायचे. आता लोक घर फोनवर बघूनच येतात.”

“मग तुमच्यासाठी काय उरलं?”

“माणसं बघायची,” काकू म्हणाल्या.

घरमालकीणबाईंनी पुढचा अर्धा तास सगळे प्रश्न बोम-सोकलाच विचारले. वडील काय करतात? दारू पिता का? रागावलात की ओरडता की गप्प बसता? इतकी चौकशी बँकही करत नाही. दा-ओनला मात्र एक अक्षर नाही. नाशपातीच्या फोडी त्याच्यापुढे सरकल्या आणि उरलेला गाभा बाईंनी न बघताच तिच्या हातात दिला. तिने तो दातांनी कुरतडून साफ केला. काटकसरी सून हुबेहूब उभी केली. बोम-सोकचा जीव तिच्यावर आणखी जडला.

खाली काकूंच्या ऑफिसात पोचल्यावर दा-ओनला आठवलं, मफलर वरच राहिला. ती परत लिफ्टने गेली.

काकूंचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

“अभिनंदन. वरच्यांना पसंत आहे. माझी दलाली दोन्ही बाजूंकडून असते, आधीच सांगितलेलं बरं.”

“काकू, पाया पडतो. आम्हाला घर नकोय. म्हणजे परवडत नाही. आमचं लग्नबिग्न ठरलेलं नाही. मी दंतवैद्य नाही, मी कॉफीची यंत्रं दुरुस्त करतो. तिची काही चूक नाही, तिला मीच भरीस घातलं. मला ती आवडते, म्हणून दर शनिवारी येतो. गटाला कळवू नका. कळवायचंच तर माझं नाव कळवा, तिचं नको.”

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. भिंतीला ओल आहे का, हे हात लावून बघावं तसं.

“खोटी जोडपी मला जिना चढायच्या आत ओळखू येतात,” त्या म्हणाल्या. “आणि ते घर विकायला काढलंय, असं मी तुला कधी म्हटलं?”

“मग बघायला कशाला नेलंत?”

काकू काचेच्या दाराकडे बघत होत्या.

दार ढकलून दा-ओन आत आली. गळ्यात मफलर नव्हता. हातात नाशपातींची पेटी होती आणि पायात त्याच करड्या लोकरी सपाता.

“आई विचारतेय,” ती म्हणाली, “दाढेवर कॅप बसवायला तू कधी येतोस?”