गुरुजींची शब्दांची वही

"आपली कोरकू भाषा शिकायला पुण्याला कशाला जायचं? ती मी घरात शिकवते की!" फुलवंतीच्या आईने भाषाविज्ञानाच्या एम.ए.चा फॉर्म बाजूला सारला. "बी.एड. कर. नोकरी लागेल."

मुदत आजच संपत होती. फुलवंती रडवेली झाली. तिची बाजू मांडायला आलेल्या तिच्या पहिलीच्या गुरुजींनी वाद घातला नाही. पिशवीतली वही उघडून ते वाचू लागले. पोरांना समजावता यावं म्हणून वीस वर्षं टिपलेले कोरकू शब्द तीत होते.

आईला हसू आवरेना. "गुरुजी, हे मोहाच्या फुलाचं नाव नाही, फळाचं आहे!"

"म्हणजे वीस वर्षं मी चुकीचंच शिकवलं," गुरुजी ओशाळले. "नीट लिहून ठेवणारं कोणी नाही ना."

आईने फॉर्म लेकीकडे सरकवला. "भर गं. गुरुजी, तुम्ही पुढचं वाचा. आणखी कुठं चुकलात बघू."